टिकाऊ, पण कोणासाठी?

अमेरिकेतल्या मराठी घरांमध्ये हल्ली एक संवाद वरचेवर ऐकू येतो. मुलगी कॉम्प्युटर सायन्स किंवा फायनान्समध्ये मेजर करत असते आणि एक दिवस सांगते, ‘मी सस्टेनॅबिलिटीत मायनर घेतेय.’ आईबाबांचा पहिला प्रश्न असतो, त्याचा उपयोग काय? दुसरा मनातच राहतो : हा खरा विषय आहे की नुसती फॅशन? दोन्हींची उत्तरं इतिहासात सापडतात.

विषय चांगला तीनशे वर्षांचा आहे. सॅक्सनीतल्या फ्रायबर्गच्या चांदीच्या खाणींना टेकू द्यायला लाकूड लागे आणि धातू गाळायच्या भट्ट्यांना कोळसा. आसपासचं जंगल संपत आलं, तेव्हा तिथले खाण अधिकारी हान्स कार्ल फॉन कार्लोविट्झ यांनी १७१३ मध्ये वनशास्त्रावर ग्रंथ लिहिला. जेवढं वाढतं तेवढंच तोडा, आणि तोडलं की लावा, हा त्याचा गाभा. ‘टिकून राहील असा वापर’ या अर्थाचा जर्मन शब्द त्यात आला आणि पुढे रुळला. मात्र त्यांना काळजी होती ती खाणी बंद पडण्याची. जंगल टिकवायचं ते खाणीसाठी.

या विचाराचं जर्मनीत रीतसर शास्त्र झालं आणि ते शिकवणाऱ्या वनशाळा निघाल्या. ते शास्त्र भारतातही आलं. आगगाडीच्या रुळांखालच्या स्लीपरांसाठी झाडं तुटत होती. १८६४ मध्ये बॉनचे वनस्पतिशास्त्रज्ञ डिट्रिख ब्रांडिस हिंदुस्थानच्या वनखात्याचे पहिले प्रमुख झाले. १८७८ मध्ये देहरादूनची वनशाळा निघाली आणि त्याच वर्षी नवा वनकायदाही आला. गावांसाठी वेगळी जंगलं असावीत असं ब्रांडिस यांना वाटे. पण सरकारी मालकीचा आग्रह धरणारे बेडन-पॉवेल यांच्यासारखे अधिकारी वरचढ ठरले. डोंगर आणि गायरानं राखीव झाली. चराई आणि जळण हे गुन्हे ठरू लागले.

विरोधाचा आवाज पुण्यातून उठला. सार्वजनिक सभेने या कायद्याला हरकत घेतली. १८८३ मध्ये पूर्ण झालेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये जोतीराव फुल्यांनी गायरानं गिळणाऱ्या जंगलखात्यावर कोरडे ओढले. जंगल टिकेल, पण कोणासाठी, हा त्या टीकेतला खरा प्रश्न. वनशाळेच्या अभ्यासक्रमात त्याला जागा नव्हती. तिथे झाडं मोजायला शिकवत, जनावरं चारायला नेणारा माणूस त्या हिशेबात बसत नव्हता.

हाच धागा अमेरिकेत पोचतो. गिफर्ड पिंचो हा तरुण वनशास्त्र शिकायला युरोपात गेला, तेव्हा त्याला वाट दाखवणाऱ्यांत निवृत्त ब्रांडिस होते. १९०० मध्ये पिंचो कुटुंबाच्या देणगीतून येल विद्यापीठात वनशाळा सुरू झाली. आज तिचं नाव स्कूल ऑफ द एन्व्हायर्नमेंट आहे.

दरम्यान ‘मेजर’ आणि ‘मायनर’ हे शब्दही जन्मले होते. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या १८७७-७८ च्या माहितीपुस्तकात ते आढळतात. एका विषयात खोल जा, दुसऱ्याची नीट ओळख करून घ्या, अशी ती कल्पना. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दोन्ही धागे जुळले. १९७२ ला स्टॉकहोमची परिषद झाली, १९८७ ला ब्रुंटलंड आयोगाचा अहवाल आला. १९९० मध्ये फ्रान्समधल्या तालवार इथे जमलेल्या विद्यापीठप्रमुखांनी जाहीर केलं, की हे शिक्षण सर्व शाखांत गेलं पाहिजे. २००६ मध्ये ॲरिझोना स्टेट विद्यापीठाने या विषयाचं स्वतंत्र स्कूलच काढलं.

भारताने वेगळी वाट धरली. एम. सी. मेहता यांच्या याचिकेवर १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणाचं शिक्षण सक्तीचं करायला सांगितलं. पुढे यूजीसीने पदवीच्या सर्व शाखांसाठी सहा महिन्यांचा अभ्यासक्रम आखला. त्याचं पाठ्यपुस्तक पुण्याच्या डॉ. एरक भरुचा यांनी लिहिलं. पुस्तक चांगलं होतं. पण सक्तीच्या विषयाचं जे होतं तेच अनेक ठिकाणी झालं : एक प्रोजेक्ट, आदल्या रात्रीचं वाचन आणि सुटका.

मायनर या दोन टोकांच्या मधे बसतो. वनशाळेतला तज्ज्ञ एकाच खात्याच्या नजरेने पाहत होता. सक्तीचा विषय सगळ्यांना शिकवला, तरी फार थोडे तो मनापासून शिकले. मायनर घेणारी मुलगी मात्र आपल्या मुख्य विषयातले प्रश्न घेऊन येते. डेटा सेंटरला थंड ठेवणारं पाणी कुठल्या गावाचं, कंपनीच्या ताळेबंदात न दिसणारा खर्च कोणाच्या अंगावर पडतो, हे विचारायला प्रोग्रॅमिंग आणि हिशेब दोन्ही यावे लागतात. पहिल्या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

धोकाही आहे. मायनर म्हणजे इकडचे तिकडचे पाच-सहा कोर्स गोळा केलेली मोट होऊ शकते, रेझ्युमेवरची एक हिरवी ओळ. म्हणून मायनर निवडताना कोर्सची यादी जरूर वाचावी. त्यात ऊर्जा आणि हवामान असेलच. कायदा, अर्थशास्त्र आणि इतिहासही आहेत का, हे बघावं. ते नसतील तर मुलं कार्लोविट्झचा हिशेब शिकतील. फुल्यांचा प्रश्न मात्र त्यांच्या कानावर पडणारच नाही.