तणमासा

पिकांत न पेरतां उगवतें तें तण. शेतकऱ्याच्या तोंडीं हा शब्द शोभतो, कारण आपण काय पेरलें हें त्यास ठाऊक असतें. परंतु विसाव्या शतकांतील मत्स्यसंवर्धनाच्या पुस्तकांनीं हाच शब्द शेतांतून उचलून तळ्यांत नेला, आणि कोणी न सोडतां आपोआप वाढणाऱ्या लहान माशांस ‘तणमासे’ असें नांव दिलें. हें नांव ज्यांच्या वांट्यास आलें त्यांत बंगालमधील मोला, पुंटी, दारकिना हे बोटाएवढे मासे होते. ह्या एका नांवापायीं तेथील गरीब घरांतील ताटांत जी उलथापालथ झाली, तिची हकीकत वाचकांपुढें ठेवण्याचें आम्ही योजिलें आहे.

ह्या माशांचें शास्त्रीय वर्णन प्रथम ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरींतील एका डॉक्टरानें केलें. फ्रान्सिस बुकॅनन हें त्याचें नांव. पुढें मातुल घराण्याचें हॅमिल्टन हें नांव त्यानें घेतलें. बंगाल-बिहारची पाहणी करीत हिंडतांना जाळ्यांत जें जें सांपडे तें तें त्यानें टिपून ठेविलें, आणि गंगेंतील माशांवरील त्याचा ग्रंथ १८२२ सालीं एडिंबरो येथें प्रसिद्ध झाला. गांवकरी ज्या नांवानें मासा ओळखीत तेंच नांव बहुधा तो लॅटिनच्या सांच्यांत घाली. त्यामुळें रोहू, कटला आणि मोला हीं तिन्ही नांवें त्याच्याच हातून शास्त्रांत गेलीं, आणि तिघांसही त्यानें सिप्रिनस ह्या एकाच कुळांत बसविलें. पुढील पंडितांनीं तिघांचीं बिऱ्हाडें वेगळीं केलीं, तो भाग निराळा. हॅमिल्टनच्या पानांवर मोठा मासा आणि क्षुद्र मासा असा पंक्तिभेद नव्हता, एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

मोला हा मासा पैसे मोजून घेण्याचा नव्हता. बंगालच्या सखल मुलखांत पावसाळ्यांत नद्या कांठ सोडतात, पाणी भातखाचरांत शिरतें आणि पाण्याबरोबर मासेही शिरतात. तेव्हां शेत कोणाचें का असेना, त्यावरील पाणी सर्वांचें असे. बायकामुलें टोपल्या, वेताचे सापळे, एखादें फाटकें जाळें घेऊन निघत आणि त्या दिवसापुरतें कालवण घेऊन परत येत. मासा आणि भात ह्यांनीं बंगाली माणूस घडला अशा अर्थाची तेथें एक म्हण आहे. ह्या म्हणींतील मासा म्हणजे रोहूचा जाड तुकडा, अशी समजूत कलकत्त्याच्या भद्रलोकांची असेल. भूमिहीन मजुराच्या घरीं मात्र तिचा अर्थ हळदमिठांत शिजविलेले मूठभर पुंटी-मोला एवढाच होता.

सरकारची नजर माशाकडे वळली ती उत्पन्नाची बाब म्हणून. फ्रान्सिस डे ह्यानें १८७३ सालीं गोड्या पाण्यांतील मत्स्यव्यवसायावर अहवाल लिहिला. बारीक डोळ्यांच्या जाळ्यांनीं माशांचीं पिलें नष्ट होत आहेत, ही त्यांतील मोठी तक्रार होती. १८९७ च्या हिंदुस्थानच्या मत्स्य-कायद्यानें सुरुंग लावून अथवा पाण्यांत विष कालवून मासे मारणें हा गुन्हा ठरविला. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढें तिच्याशीं पुन्हा गांठ पडणार आहे. १९०८ सालीं कृष्णगोविंद गुप्त ह्यांनीं बंगालच्या मत्स्यव्यवसायाची चौकशी करून अहवाल सादर केला. ह्या साऱ्या खटपटींत मासा किती मिळतो आणि त्यास दर काय येतो ह्याचा विचार झाला. तो कोणाच्या पोटांत जातो आणि तेथें काय काम करतो, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाहीं. पोटाचा प्रश्न भयंकर रीतीनें पुढें आला तो १९४३ च्या दुष्काळांत. जपानी सैन्याच्या हातीं पडूं नयेत म्हणून आदल्या वर्षींच सरकारनें किनारपट्टीच्या जिल्ह्यांतील हजारों होड्या काढून घेतल्या होत्या. त्या दुष्काळांत सर्वांत आधीं मेले त्यांत कोळी होते.

ह्या पार्श्वभूमीवर मत्स्यसंवर्धनाचा नवा उद्योग उभा राहिला, आणि त्याचें श्रेय आम्हांस नाकारावयाचें नाहीं. रोहू, कटला, मृगल हे मासे सांचलेल्या पाण्यांत अंडीं घालीत नाहींत. त्यांचें बीज वाहत्या नदींतून गोळा करावें लागे. सिल्हेटकडचे हिरालाल चौधरी ह्यांनीं १९५७ च्या जुलैमध्यें ओडिशांत पीयूष ग्रंथीचा अर्क टोंचून ह्या माशांकडून तळ्यांतच अंडीं घालविण्यांत यश मिळविलें. १० जुलै हा दिवस भारतांत त्याच कारणानें मत्स्य-शेतकरी दिन म्हणून पाळतात. बीज मुबलक झालें, तळ्यांतून मणांनीं मासा निघूं लागला, आणि आज बाजारांत रोहू दिसतो तो बहुतांशीं ह्याच शोधाच्या पुण्याईनें. परंतु ज्याचें बीज विकत घेऊन सोडलें, त्याच्या तोंडचा घांस दुसऱ्यानें खाऊं नये ही चिंता ओघानेंच आली. म्हणून बीज सोडण्यापूर्वीं तळें स्वच्छ करावें, म्हणजे त्यांतील तणमासे मारून टाकावे, असा उपदेश सुरू झाला. त्यासाठीं वनस्पतींच्या मुळ्यांपासून काढलेलें रोटेनोन हें द्रव्य पाण्यांत कालवीत. सार्वजनिक पाण्यांतलें विष १८९७ त गुन्हा होतें. खाजगी तळ्यांतलें विष आतां सुधारलेल्या शेतीचा पाठ झालें! दोन्हींत कायद्याच्या दृष्टीनें फरक आहे हें खरें; माशाच्या दृष्टीनें नाहीं, आणि तो खाणाऱ्या मुलाच्या दृष्टीनेंही नाहीं.

त्याच सुमारास पूर्व बंगालमध्यें, म्हणजे १९७१ नंतरच्या बांगलादेशांत, पुराचें पाणी अडविण्यास बंधारे बांधले गेले आणि उन्हाळी भातासाठीं बिलें, म्हणजे तेथील पाणथळ जागा, उपसल्या जाऊं लागल्या. बंधाऱ्यानें पीक वांचलें, पण माशांची वाट अडली. खाचरांतला फुकटचा मासा कमी झाला आणि तळ्यांतला विकतचा वाढला. कागदावरची बेरीज चुकली नाहीं; फक्त मासा एका घरांतून दुसऱ्या घरांत गेला.

बालकांच्या रातांधळेपणानें त्या काळीं बांगलादेश गांजला होता, आणि त्याचें कारण आहारांतील अ जीवनसत्त्वाची उणीव हें होतें. अ जीवनसत्त्व आणि मासा ह्यांचा संबंध आपणांस नवा नाहीं. दुसऱ्या महायुद्धांत कॉड माशाच्या यकृताचें तेल परदेशाहून येईनासें झालें, तेव्हां मुंबई व मद्रास इलाख्यांत मुशीच्या यकृताचें तेल काढण्याचा उद्योग त्याच कारणानें निघाला. परंतु तळ्यांतल्या बोटभर माशाकडे त्या दृष्टीनें पाहण्यास एक बाई यावी लागली. शकुंतला हरकसिंग-थिल्स्टेड ह्यांचा जन्म १९४९ सालीं त्रिनिदाद बेटावर, मजुरीसाठीं तेथें नेलेल्या हिंदी लोकांच्या वंशांत झाला. त्या डेन्मार्कमध्यें शिकल्या आणि १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस ढाक्यास अतिसार-संशोधन संस्थेंत काम करूं लागल्या. मोला डोळ्यांस चांगला, असें खेड्यांतल्या बायका सांगत. असल्या बोलण्यास विद्वान मंडळी सहसा हंसतात. शकुंतलाबाईंनीं मासे प्रयोगशाळेंत पाठविले.

पृथक्करणांत जें निघालें तें विलक्षण होतें. मोल्याच्या १०० ग्रॅममध्यें अ जीवनसत्त्व २,५०० मायक्रोग्रॅमहून अधिक; रोहूंत ३० देखील नाहीं. लहान मुलाची दिवसाची गरज ४०० ते ४५० मानतात. ह्याहून मौजेची गोष्ट अशी कीं, मोल्यांतील हें सत्त्व बहुतेक सगळें त्याच्या डोळ्यांत आणि पोटांतील आंतड्या-यकृतांत असतें. मोठ्या माशाचें डोकें आणि पोट सुरीखालीं जातें. मोला मात्र अख्खा कढईंत पडतो. हाडांचेंही तसेंच. लहान माशाचीं मऊ हाडें चावून खाल्लीं जातात, आणि त्यांतील कॅल्शियम शरीरांत जवळजवळ दुधांतल्याइतकेंच मुरतें, असें डेन्मार्कमधील प्रयोगांत दिसून आलें. ज्या घरीं दुभतें जनावर नाहीं त्या घरास ह्याची किंमत समजावून सांगण्याची गरज नाहीं. आमच्या कोंकणांत आणि घाटावरच्या आठवड्याच्या बाजारांत जें सुकट गरिबाच्या भाकरीबरोबर जातें, तें शास्त्रदृष्ट्या मासा नसेल, पण डोक्यासकट अख्खेंच खाल्लें जातें.

वांटणीचा मुद्दा आम्हांस ह्याहूनही महत्त्वाचा वाटतो. रोहूचे तुकडे मोजून वाढतात. मोठा तुकडा कर्त्या पुरुषाकडे जातो, आणि सर्वांच्या मागून जेवणाऱ्या सुनेस रस्सा उरतो. लहान मासे भाजीबरोबर शिजतात आणि डावानें वाढले जातात. डावांत मासे किती आले हें मोजणें सासूसही साधत नाहीं.

मग तळ्यांतून मोल्याची हकालपट्टी करणें खरोखर अवश्य होतें काय? किशोरगंज भागांतील घरगुती तळ्यांत रोहू-कटल्याबरोबर मोला ठेवून पाहिला, तेव्हां मोठ्या माशांचें उत्पन्न त्यामुळें घटलें नाहीं असें आढळलें. शिवाय मोला तळ्यांतच वितो, त्याचें बीज दरवर्षीं विकत घ्यावें लागत नाहीं. मोठा मासा बाजारांत न्यावा, लहान घरीं खावा, अशी सोय झाली. तणाचा आरोप निदान येथें तरी टिकला नाहीं.

ह्याची दुसरी बाजू दडविणें मात्र अप्रामाणिकपणाचें होईल. तीन ते सात वर्षांच्या मुलांस नऊ आठवडे मोल्याचें कालवण देऊन त्यांच्या रक्ताची तपासणी करण्यांत आली. २००८ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत अ जीवनसत्त्वाची अपेक्षित वाढ दिसली नाहीं. मोल्यांतील जीवनसत्त्वाचा मोठा भाग निराळ्या घडणीचा असून त्याचें मनुष्यशरीरांत पुरेसें रूपांतर होत नसावें, असें प्रयोग करणारांनींच सुचविलें. म्हणून मोला म्हणजे रातांधळेपणावरील रामबाण, असें कोणी म्हणेल तर आम्ही त्यास मान डोलावणार नाहीं. परंतु लोह, जस्त, कॅल्शियम आणि ब-१२ जीवनसत्त्व एकाच घांसांत देणारें दुसरें अन्न त्या घरांत कोणतें होतें, हा प्रश्न शिल्लक राहतोच. शकुंतलाबाईंस २०२१ सालीं जागतिक अन्न पुरस्कार मिळाला, तो एका माशाच्या एका गुणासाठीं नव्हे. लहान मासा हें अन्न आहे, ही गोष्ट अन्नधोरणाच्या दरबारांत दाखल केल्याबद्दल होय.

ज्या ओडिशांत रोहूचें बीज तळ्यांत तयार होऊं लागलें, त्याच ओडिशांत पुढें ग्रामपंचायतींच्या तळ्यांवर स्त्रियांच्या बचतगटांनीं रोहू आणि मोला एकत्र वाढविण्यास सुरुवात केली. कोहळी लोकांनीं बांधलेलीं भंडारा-गोंदियाकडील मालगुजारी तळीं ज्यांच्या ताब्यांत आहेत, त्यांनीं ह्या प्रयोगाची चौकशी अवश्य करावी. बांगलादेशांत एक लहानशी अडचण निघाली होती. तळ्यांत मोला असून कालवणांत नसे. कारण मोठें जाळें ओढण्यास चारदोन पुरुष लागत, आणि तें वर्षांतून एकदोनदांच पडे. तेव्हां ज्यांत मासा कल्ल्यांनीं अडकतो असें एक लहान उभें जाळें बायकांच्या हातीं देण्यांत आलें. तें घरच्या बाईस एकटीनें लावतां येतें, आणि त्या दिवसाच्या जेवणापुरते मासे त्यांत मिळतात.