हाक आणि जबाब : संगणकाच्या आज्ञावलींचा एक इतिहास

हाताखाली काम करणाऱ्या माणसाची परीक्षा दोन वेळा होते. सांगितलेली वस्तू त्याने आणून दिली म्हणजे पहिली परीक्षा संपते; वस्तू मिळाली नाही म्हणजे दुसरी सुरू होते. उत्सवाच्या दिवशी देवळाच्या कोठीतून समई आणावयास पाठविलेला मुलगा रिकाम्या हातांनी परत आला आणि नुसते ‘नाही’ म्हणाला, तर पुजाऱ्याचे काम तर अडतेच. पण पुढे काय करावे हेही त्याला समजत नाही. समई कोठीत नव्हतीच, की कोठीला कुलूप होते, की समई होती पण तिची बैठक मोडली होती? तिन्ही प्रसंगी हात रिकामाच; उपाय मात्र तीन निराळे. संगणकाच्या आज्ञावलीतही हाच प्रसंग वारंवार उद्भवतो. त्या बाबतीत यंत्र काय काय बोलावयास शिकले, याचा इतिहास वाचकांपुढे ठेवण्याचा आमचा मानस आहे.

प्रथम विषयाची ओळख करून दिली पाहिजे. आजची कोणतीही मोठी आज्ञावली एका हाताने सलग लिहिलेली नसते. तारखांचे गणित करणारा एक भाग, अक्षरे छापणारा दुसरा, हिशेबाचा तिसरा, असे अनेक भाग निरनिराळ्या लोकांनी निरनिराळ्या काळी लिहून ठेवलेले असतात. अशा भागास मॉड्यूल म्हणतात. आज्ञावली प्रत्यक्ष चालविणारी जी यंत्रणा भाषेबरोबर येते, तिला रनटाइम असे नाव आहे. आज्ञावलीने एखाद्या भागाला हाक मारली की रनटाइमने तो शोधावा, स्मृतीत आणून बसवावा आणि हाक मारणाऱ्याशी जोडून द्यावा, असा संकेत आहे. हे न साधल्यास त्याने तसा जबाब द्यावयाचा असतो. आमचे म्हणणे इतकेच की आणण्याची विद्या यंत्रास लवकर अवगत झाली. सांगण्याची विद्या मात्र फार सावकाश आली, आणि तिची किंमतही मोजावी लागली.

इंग्लंडातील केंब्रिज विद्यापीठाच्या गणित प्रयोगशाळेत मॉरिस विल्क्स यांच्या नेतृत्वाखाली बांधलेल्या एडसॅक या संगणकाने ६ मे १९४९ रोजी आपले पहिले गणित केले. आज्ञा कागदी फितीवर छिद्रे पाडून लिहावयाच्या, अशी तेथील रीत होती. वर्गमूळ काढणे, संख्या छापणे यांसारखी कामे प्रत्येकाने पुन्हा नव्याने लिहीत बसणे व्यर्थ आहे, हे तेथील मंडळींच्या लवकरच ध्यानात आले. म्हणून तपासून घेतलेल्या भागांच्या फिती एका पोलादी कपाटात ठेवण्यात आल्या. ज्यास जो भाग हवा, त्याने तो आपल्या फितीवर नकलून घ्यावा. १९५१ पर्यंत या संग्रहात ८७ भाग जमा झाले होते.

यात एक अडचण होती. पोथीचे सुटे प्रकरण पहिल्या पानापासून क्रमांक घालून लिहिले असेल आणि त्यात ‘तिसरे पान पाहावे’ असे म्हटले असेल, तर ते चाळीस पानांनंतर बांधल्यावर ‘त्रेचाळिसावे पान पाहावे’ असे करावे लागते. आज्ञांच्या भागांचेही तसेच आहे. डेव्हिड व्हीलर या तरुण संशोधकाने केवळ ४१ आज्ञांची एक प्रारंभिक आज्ञावली रचली. फीत वाचली जात असतानाच ती प्रत्येक भागातील स्थानांक त्याच्या नव्या जागेप्रमाणे वाढवून देत असे. भाग कोठेही बसवावा आणि तो तेथे चालावा, ही सोय जगास अशा रीतीने मिळाली.

पण चूक झाली म्हणजे? यंत्र एकतर थांबे, किंवा चुकीची उत्तरे छापीत राही. का, हे सांगण्याची वाचा त्यास नव्हती. आपल्या उरलेल्या आयुष्याचा मोठा भाग स्वतःच्याच आज्ञावलींतील चुका शोधण्यात जाणार, याची जाणीव आपणास त्याच काळात एकाएकी झाली, असे विल्क्स यांनी पुढे आपल्या आठवणींत नमूद केले आहे. त्यांचे सहकारी स्टॅन्ली गिल यांनी १९५१ साली चुकांच्या निदानावर निबंध लिहिला. थांबलेल्या यंत्राच्या स्मृतीत काय उरले आहे ते छापून काढणारे भाग त्या मंडळींनी तयार केले, आणि त्यांस मरणोत्तर तपासणीचे नाव दिले. एकेक आज्ञा पाळली जात असताना तिची नोंद करीत जाणारे तपासणी-भागही झाले. जबाब देण्याची ही पहिली पायरी होय. पण तो जबाब मूक होता. त्याचा अर्थ लावणे सर्वस्वी माणसाकडे राहिले.

पुढे १९५२ साली अमेरिकेत ग्रेस हॉपर यांनी युनिव्हॅक यंत्रासाठी ए-शून्य नावाची प्रणाली केली. तीत भागांना क्रमांक दिलेले असत. क्रमांक सांगितला की यंत्र स्वतःच चुंबकीय फितीवरून तो भाग काढून घेई व जोडी. नकलण्याचे कष्ट संपले. मात्र ही सर्व जुळणी काम सुरू होण्यापूर्वीच व्हावयाची. उत्सवाच्या आदल्या दिवशी यादी हाती घेऊन साहित्य तपासावे, तसा हा प्रकार होता. जे नसेल ते आदल्या दिवशीच कळे.

ही शिस्त पुढे मोडली, आणि ती मोडण्यास सबळ कारण होते. मॅसॅच्युसेट्स तंत्रविद्या संस्था, बेल प्रयोगशाळा व जनरल इलेक्ट्रिक यांनी मिळून हाती घेतलेल्या मल्टिक्स या प्रणालीची योजना १९६५ साली प्रसिद्ध झाली. एका मोठ्या संगणकावर अनेकांनी एकाच वेळी काम करावे, हा तिचा हेतू. अशा ठिकाणी प्रत्येकासाठी सर्व भाग आधीच आणून ठेवणे म्हणजे जागेचा अपव्यय. शिवाय एखादा भाग सुधारला की त्यावर अवलंबून असलेल्या सर्व आज्ञावली पुन्हा जुळवीत बसणे आले. म्हणून असे ठरले की ज्या क्षणी एखाद्या भागास प्रथम हाक मारली जाईल, त्याच क्षणी यंत्राने काम थांबवावे, ठरलेल्या क्रमाने ठिकठिकाणी शोध करावा, भाग सापडला की त्याचा पत्ता भरून ठेवावा आणि काम पुढे चालू करावे. शेवटचे मल्टिक्स यंत्र ३० ऑक्टोबर २००० रोजी बंद झाले. पण हाक येईल तेव्हा शोधण्याची ती रीत आज बहुतेक सर्व संगणकांत नांदते आहे.

या रीतीने सोय झाली तशी जोखीमही वाढली. जे पूर्वी आदल्या दिवशी कळे ते आता ऐन पूजेच्या वेळी कळू लागले. तेव्हा जबाबाची गरज कितीतरी पटींनी वाढली. पण यंत्रे मितभाषीच राहिली. बेल प्रयोगशाळेत केन टॉम्प्सन यांनी लिहिलेला ‘एड’ नावाचा मजकूर-संपादक कोणत्याही चुकीला केवळ एक प्रश्नचिन्ह छापून उत्तर देई. त्या काळचे टंकमुद्रक संथ होते आणि वापरणारे स्वतः जाणकार होते, हे लक्षात घेतले म्हणजे या मितभाषणाचा राग येत नाही. तथापि जाणकारांसाठी पुरेसे असलेले मौन पुढे लक्षावधी नवख्यांच्या वाट्याला येते, हेही विसरून चालत नाही.

या दृष्टीने पुढच्या दोन भाषांची कामगिरी आम्हांस महत्त्वाची वाटते. लॅरी वॉल यांनी १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या पर्ल भाषेची पाचवी आवृत्ती १९९४ साली निघाली. तीत मागितलेले मॉड्यूल सापडले नाही, तर रनटाइम त्याचे नाव तर सांगतोच, पण आपण कोणकोणत्या ठिकाणी शोधले त्यांची यादीही वाचून दाखवितो. ‘नाही’ म्हणणाऱ्याने आपण कोठे पाहिले हेही सांगावे, हा धडा येथे गिरवला गेला. कोठे शोधले हा प्रश्न केवळ तपशिलाचा नाही. पूर्वी त्या यादीच्या शेवटी ‘आपण आता ज्या ठिकाणी उभे आहोत ते ठिकाण’ असाही एक पत्ता असे. तेथे कोणी कपटाने त्याच नावाचा भाग ठेवला, तर तोच उचलला जाण्याचा धोका होता. म्हणून २०१७ साली तो पत्ता यादीतून वगळण्यात आला.

दुसरी भाषा पायथन. तिची पहिली आवृत्ती ग्विडो व्हॅन रॉसम यांनी १९९१ साली हॉलंडमधून प्रसृत केली. तिचा रनटाइम हाक आली की प्रथम आपली नोंदवही पाहतो. भाग पूर्वीच आणलेला असेल तर तोच हाती देतो. नसेल तर ठरलेल्या ठिकाणी क्रमाने शोधतो. सापडला की त्याच्या नावाचे एक रिकामे पात्र करून ते नोंदवहीत चढवितो, आणि मग त्यातील मजकूर आज्ञेगणिक चालवून पात्र भरतो. नोंद आधी आणि भरणे नंतर, असे का? दोन भाग एकमेकांस हाक मारीत असतील, तर नोंद आधी नसल्यास तो शोध कधी संपणारच नाही. पण याचा एक दुष्परिणाम होता. भरता भरता मध्येच चूक झाली, तर अर्धवट पात्र नोंदवहीत तसेच राही. दुसऱ्यांदा हाक आली की रनटाइम ते निःशंकपणे हाती देई. पहिल्या वेळी तक्रार, दुसऱ्या वेळी चकार शब्द नाही! २००४ च्या २.४ या आवृत्तीत हा दोष दूर झाला. भरणे फसले की नोंदही पुसली जाऊ लागली.

दुसरा दोष अधिक सूक्ष्म होता. पुष्कळ आज्ञावली असे म्हणतात की अमुक भाग असेल तर वापरावा, नसेल तर त्यावाचून चालवावे. पण भाग नाहीच, आणि भाग आहे परंतु त्याच्या पोटात काही बिघडले आहे, या दोहोंस पायथन ‘इम्पोर्ट एरर’ हे एकच नाव देत असे. परिणामी मोडलेली समई ‘नसलेली’ ठरे, आणि मोड कोणाच्याच दृष्टीस पडत नसे. २०१६ साली ३.६ या आवृत्तीत न सापडलेल्या मॉड्यूलसाठी स्वतंत्र नाव योजण्यात आले. पंचवीस वर्षांनंतर झालेला हा एका शब्दाचा भेद आम्हांस मोठ्या मोलाचा वाटतो.

जबाब अस्पष्ट राहिला तर काम अडते, एवढेच येथवर पाहिले. पण जबाब चुकीच्या कानी पडला तर काय होते, याचे उदाहरण ४ जून १९९६ रोजी जगाने पाहिले. दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयानात कुरू येथून एरियान ५ हे युरोपचे नवे अग्निबाण उडाले. त्याची दिशा व गती मोजणाऱ्या उपकरणातील आज्ञावलीचा एक भाग जुन्या एरियान ४ वरून जसाच्या तसा घेतलेला होता. उड्डाणानंतर त्या भागाची नव्या अग्निबाणास गरजही नव्हती. तरी तो चालू राहिला. नव्या अग्निबाणाची आडवी गती जुन्यापेक्षा फार लवकर वाढली. ३२७६७ हून मोठी संख्या न मावणाऱ्या जागेत त्याहून मोठी संख्या घालण्याचा प्रसंग आला, आणि उपकरण बंद पडले. जोडीचे राखीव उपकरणही तंतोतंत तसेच असल्यामुळे तेही क्षणभर आधी त्याच कारणाने थांबले होते.

आता यातील मर्म पाहा. थांबताना उपकरणाने आपल्या बिघाडाचा वृत्तांत मुख्य संगणकाकडे पाठविला. पण हा वृत्तांत आहे, हे ओळखण्याची सोय मुख्य संगणकात नव्हती. त्याने ते आकडे उड्डाणाचेच आकडे मानले, आणि न झालेली चूक सुधारण्यासाठी अग्निबाणाची नळकांडी वळविली. उड्डाण सुरू झाल्यापासून सुमारे ४० सेकंदांत अग्निबाण व त्यातील चार वैज्ञानिक उपग्रह नष्ट झाले. भाग सापडला होता, जागी बसला होता, जबाबही दिला गेला होता. तो कोणासाठी आहे, याचा विचार मात्र कोणी केला नव्हता.

अलीकडे या बाबतीत बरीच सुधारणा दिसते. दोन भाग एकमेकांत गुंतल्याने अडचण आली असावी, असा संशय पायथनचा रनटाइम २०१९ पासून स्वतःच व्यक्त करू लागला. २०२१ पासून नावात अक्षरांची चूक झाली असल्यास जवळचे नाव तो सुचवितो. २०२२ पासून ओळीतील नेमकी जागा खूण करून दाखवितो. कोणी कोणास हाक मारली, ही साखळी तर तो आरंभापासून छापीत आला आहे.

पुणे, हैदराबाद, बंगळूर येथे आमच्या घरांतील कितीतरी मुले-मुली आज हेच काम करीत आहेत. त्यांनी लिहिलेल्या भागांना उद्या अनोळखी माणसे हाक मारतील. एखाद्या रुग्णालयात, रेल्वेच्या खिडकीवर, बँकेच्या पेढीत. सर्व भाग नेहमी सापडतील आणि कधीच बिघडणार नाहीत, अशी हमी कोणी देऊ शकणार नाही. परंतु काय मागितले होते, कोणी मागितले होते, कोठे शोधले, आणि वस्तू नव्हती की मोडली होती, हे ऐकणाऱ्यास समजेल अशा शब्दांत सांगणे तरी लिहिणाऱ्याच्या हाती असते. सत्तर वर्षांहून अधिक काळच्या या इतिहासाने एवढी गोष्ट निश्चित शिकविली आहे की तो जबाब आज्ञावलीच्या मूळ कामाचाच एक भाग आहे, आणि तोही तितक्याच काळजीने लिहावयास हवा.