स्थूल प्रौढांसाठी फ्लूची लस : का, केव्हा आणि कशी?

स्थूलतेमुळे फ्लूचा धोका वाढतो, हे 2009 च्या स्वाइन फ्लूच्या साथीत प्रथमच ठळकपणे समोर आले. दुसरा कोणताही आजार नसलेले, परंतु अतिस्थूल असलेले अनेक रुग्ण त्या वेळी अत्यवस्थ झाले. देशात 2015 च्या उद्रेकात 42 हजारांहून अधिक जणांना लागण झाली. मध्य प्रदेशालाही त्याची झळ बसली. तेथील नमुन्यांची तपासणी ग्वाल्हेरच्या संरक्षण संशोधन व विकास आस्थापनेत (डीआरडीई) होत असे. एच1एन1 विषाणू ओळखणारी जलद चाचणीही याच संस्थेने विकसित केली.

स्थूल कोणाला म्हणावे?
किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की शरीर वस्तुमान निर्देशांक (बीएमआय) मिळतो. जागतिक निकषानुसार 30 वा त्याहून अधिक निर्देशांक म्हणजे स्थूलता. भारतीयांसाठी तज्ज्ञांनी ही मर्यादा 25 मानली आहे. 1.60 मीटर उंचीच्या व्यक्तीचे वजन 64 किलो झाले की ती मर्यादा गाठली जाते. निर्देशांक 40 किंवा अधिक असल्यास फ्लू गंभीर होण्याची शक्यता विशेष असते.

धोका का वाढतो?
पोटावरील चरबीमुळे श्वासपटलाची हालचाल मर्यादित होते आणि फुप्फुसे पूर्ण फुलत नाहीत. शरीरात सतत मंद दाह राहतो. विषाणूग्रस्त पेशी नष्ट करणाऱ्या टी-पेशींचे कार्य त्यामुळे मंदावते.

लस कितपत उपयोगी?
अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलिना येथे लस घेतलेल्या 1,022 प्रौढांचा अभ्यास 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. फ्लू वा तत्सम आजार स्थूल व्यक्तींपैकी 9.8 टक्क्यांना, तर निरोगी वजनाच्या व्यक्तींपैकी 5.1 टक्क्यांना झाला. प्रतिपिंडे दोन्ही गटांत सारखीच होती. म्हणजे लस टोचली की निर्धास्त राहावे, असे नाही. मात्र ती निरुपयोगी आहे, असाही याचा अर्थ नव्हे. ज्यांचा धोका अधिक, त्यांनी उपलब्ध संरक्षण सोडू नये.

केव्हा आणि कशी घ्यावी?
- विषाणू बदलत असल्याने लस दरवर्षी घ्यावी लागते. गोव्यासह देशाच्या बऱ्याच भागांत पावसाळ्यात फ्लू वाढतो. म्हणून एप्रिल-मे हा काळ योग्य. संरक्षण निर्माण होण्यास सुमारे दोन आठवडे लागतात.
- लस दंडाच्या स्नायूत पोहोचली पाहिजे. नेहमीची 25 मिलिमीटरची सुई जाड दंडास अपुरी पडू शकते. 90 किलोंवरील स्त्रिया व 118 किलोंवरील पुरुषांसाठी 38 मिलिमीटरची सुई सुचवली जाते. याबाबत परिचारिकेला विचारण्यात संकोच नसावा.
- मधुमेह, दमा किंवा हृदयविकार असल्यास लस अधिकच आवश्यक ठरते. पूर्वी फ्लूच्या लशीची तीव्र ॲलर्जी झाली असल्यास आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

लस घेऊनही ताप आल्यास
विषाणूविरोधी औषध पहिल्या 48 तासांत सुरू झाल्यास सर्वाधिक गुणकारी ठरते. ताप, खोकला, अंगदुखी सुरू होताच स्थूल व्यक्तींनी डॉक्टरांना गाठावे. धाप लागणे, छातीत दुखणे किंवा ग्लानी येणे ही तातडीने रुग्णालयात जाण्याची लक्षणे होत.