शब्दवेध : कुठली आर्णी?

यवतमाळ जिल्ह्यातली आर्णी अरुणावतीकाठची, बाबा कंबलपोषांच्या दर्ग्याची. तमिळनाडूतली आरणी रेशमी साड्यांची. तिची जहागीर मात्र वेदाजी भास्करपंतांच्या देशस्थ मराठी घराण्याची होती. १७५१ मध्ये तिथल्या लढाईत मराठी घोडेस्वार इंग्रज सेनानी क्लाइव्हच्या बाजूने लढले. म्हणून ‘आर्णीकर’ आडनाव ऐकून लगेच विदर्भ गाठू नये. ‘कर’ हा प्रत्यय गाव सांगतो, जिल्हा नाही. आइसलंडमध्ये तर आर्नी हे पुरुषाचे नाव, ‘गरुड’ या अर्थाच्या शब्दावरून आलेले. जुनी हस्तलिखिते जमवणारा विद्वान आर्नी माग्नुसॉन (१६६३–१७३०) हा त्यातला नामांकित. उच्चार जुळले, तरी व्युत्पत्ती जुळतेच असे नाही. सोयरीक जुळवण्याआधी शब्दाचेही कूळ विचारावे.