रत्नागिरी प्रांतांतील ‘धनगर’ शब्द

जुन्या कागदांत जातिवाचक शब्द आढळला कीं त्यावरून व्यवसायाचा निश्चय करण्याची संशोधकांस संवय असते. ‘धनगर’ या शब्दाच्या बाबतींत ती रत्नागिरीकडे कशी फसवी ठरते, हें दाखविण्याचा प्रस्तुत टिपणाचा हेतु आहे.

देशावर धनगर म्हटला म्हणजे मेंढरांचा कळप, काठी व घोंगडी हींच डोळ्यांपुढें येतात. उलट रत्नागिरीच्या बाजूस सह्याद्रीच्या उतारावर ज्यांचे धनगरवाडे आहेत ते गवळी धनगर. त्यांचें पिढीजात धन म्हैस, आणि व्यापार लोणी-तुपाचा. याचें कारण पर्जन्य होय. माणदेशांत वर्षास सुमारें ५०० मिलिमीटर पाऊस, तर रत्नागिरीस ३००० मिलिमीटरच्या आसपास. दख्खनी मेंढरूं कोरड्या माळाचें. सतत चिखलांत राहिल्यास त्याचे खूर कुजतात. माधव गाडगीळ व कैलास मल्होत्रा यांनीं १९८२ सालीं गवळी धनगरांवर प्रसिद्ध केलेला निबंध या दृष्टीनें पाहण्याजोगा आहे.

तथापि मेंढरें कोकण पाहतच नाहींत असें नव्हे. भातकापणी आटोपली कीं देशावरील हटकर धनगरांचे वाडे घाट उतरून कोकणपट्टींत येतात. रात्रीं खाचरांत मेंढरें बसवितात. शेतास लेंड्यांचें खत मिळतें, धनगरास धान्य किंवा पैसा. मृगाच्या आधीं ते परत घाट चढतात. शेकडों मेंढरांतून आपलें मेंढरूं चेहऱ्यावरून ओळखणारा, चारापाण्याच्या वाटा मुखोद्गत असणारा हा मनुष्य आपल्या विद्येंत पंडितच होय.

वाजसनेयी संहितेच्या ३० व्या अध्यायांत गोपाल, अविपाल व अजपाल हे पृथक् सांगितले आहेत. प्राचीनांनीं राखलेला हा पशुभेद आपण एका शब्दांत बुडवितों. यास्तव ‘धनगर’ शब्द आढळल्यास त्याच्या शेजारीं तूप व म्हैस आहे कीं लोकर व घोंगडी आहे, हें आधीं पाहावें. जातीच्या नांवावरून निर्णय करूं नये.

दुसरी विनंती संग्राहकांस. बिरोबाच्या ओव्या, सुंबरान मांडून गाइलेल्या कथा, यांत कुळांचीं नांवें व वाटा सांपडतात. हायडेलबर्गचे गुंथर सोंथायमर (१९३४–१९९२) यांनीं धनगरांत हिंडून त्या टिपून घेतल्या, व १९७६ सालीं बिरोबा, म्हस्कोबा व खंडोबा यांवर जर्मन भाषेंत ग्रंथ लिहिला. परदेशस्थानें जें केलें तें आपल्या तालुक्यापुरतें तरी आपण करावें. वाळवी लागलेल्या पोथीचे कांहीं बंद तरी हातीं लागतात. गाणारा वृद्ध गेल्यावर मात्र कांहींच उरत नाहीं.