वीतभर पंखांची 'राणी' संकटात
जगातील सर्वांत मोठ्या फुलपाखराचे अस्तित्व एका वेलीवर अवलंबून

फुलपाखरू पकडायचे तर हाती जाळे हवे. १९०६ मध्ये मात्र एका संग्राहकाने त्यासाठी चक्क बंदूक वापरली. अल्बर्ट मीक हा संग्राहक न्यू गिनी बेटाच्या आग्नेय भागातील जंगलात हिंडत असताना झाडांच्या शेंड्यांवरून एक प्रचंड फुलपाखरू उडताना दिसले. बारीक छऱ्यांच्या बंदुकीने त्याने ते खाली पाडले. ती मादी होती. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये जतन केलेल्या या नमुन्याच्या पंखांवर छऱ्यांच्या खुणा आजही आहेत.

मीक ज्यांच्यासाठी नमुने गोळा करीत असे, त्या वॉल्टर रॉथशील्ड यांनी १९०७ मध्ये या प्रजातीचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले आणि ब्रिटनचे राजे सातवे एडवर्ड यांच्या पत्नी राणी अलेक्झांड्रा यांचे नाव तिला दिले. 'क्वीन अलेक्झांड्राज बर्डविंग', म्हणजेच ऑर्निथॉप्टेरा अलेक्झांड्री, हे जगातील सर्वांत मोठे फुलपाखरू मानले जाते. पंख पसरलेली मादी २५ सेंटिमीटरपर्यंत, क्वचित त्याहूनही अधिक भरते. तिच्या शरीराची लांबी सुमारे आठ सेंटिमीटर असते. तपकिरी रंगाच्या मादीवर फिकट पिवळसर ठिपके असतात. नर आकाराने लहान, परंतु अधिक देखणा. त्याच्या काळ्या पंखांवर निळे-हिरवे पट्टे असतात आणि पोट गर्द पिवळे असते.

विषारी वेलीचा आधार

पापुआ न्यू गिनीतील ओरो प्रांत वगळता हे फुलपाखरू जगात अन्यत्र कोठेही आढळत नाही. पोपोंडेट्टा शहराभोवतालचे सखल मैदान आणि मनगालास पठार हा त्याचा प्रमुख अधिवास. त्यातही ते जंगलात सर्वत्र नसते. त्याच्या अळ्या ॲरिस्टोलोकिया कुळातील ठराविक वेलींचीच पाने खातात. उंच झाडांच्या आधाराने या वेली थेट जंगलाच्या छतापर्यंत चढतात. मादी याच वेलीवर अंडी घालते. पानांतील विषारी द्रव्ये अळीच्या शरीरात साठतात आणि पक्ष्यांना ती बेचव लागते. अंड्यापासून फुलपाखरू होईपर्यंत साधारण चार महिने लागतात. झाड तोडले की वेल जाते आणि वेल गेली की फुलपाखरूही जाते, असे हे साधे गणित आहे.

ज्वालामुखी आणि पामतेल

या प्रजातीला पहिला मोठा तडाखा निसर्गानेच दिला. जानेवारी १९५१ मध्ये माउंट लॅमिंग्टन या ज्वालामुखीचा उद्रेक झाला. त्यात सुमारे तीन हजार माणसे मृत्युमुखी पडली आणि सुमारे अडीचशे चौरस किलोमीटर जंगल नष्ट झाले. निसर्गाने दिलेली जखम कालांतराने भरून येते. माणसाने दिलेली तशी भरत नाही. लाकूडतोडीपाठोपाठ पोपोंडेट्टाच्या सुपीक मैदानावर तेलताडाच्या, म्हणजे पामतेलाच्या झाडांच्या बागा पसरत गेल्या आणि जंगलाचे लहान-लहान तुकडे उरले.

आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत ही प्रजाती 'संकटग्रस्त' आहे. 'साइट्स' कराराच्या पहिल्या परिशिष्टात तिचा समावेश असल्याने तिचा आंतरराष्ट्रीय व्यापार निषिद्ध आहे. चोरट्या बाजारात तिला मोठी किंमत येते. मात्र, बंदीची दुसरी बाजूही अभ्यासक मांडतात. पापुआ न्यू गिनीतील बहुतांश जमीन स्थानिक कुळांच्या परंपरागत मालकीची आहे. अन्य काही बर्डविंग फुलपाखरांची कायदेशीर पैदास करून तेथील ग्रामस्थ चार पैसे मिळवतात. या राणीपासून मात्र त्यांना काहीच उत्पन्न नाही. उलट तेलताडाची बाग लावली तर नियमित रोख पैसा हाती येतो. अशा स्थितीत जंगल का राखायचे, हा ग्रामस्थांचा प्रश्न अनाठायी म्हणता येणार नाही.

एक आशादायक घटना २०१७ मध्ये घडली. स्थानिक कुळांच्या दीर्घ प्रयत्नांनंतर मनगालास पठारावरील सुमारे ३,६०० चौरस किलोमीटर क्षेत्र संवर्धन क्षेत्र म्हणून जाहीर झाले. मोठ्या प्रमाणावरील वृक्षतोड, खाणकाम आणि तेलताड लागवड यांपासून या जंगलाला संरक्षण मिळावे, हा त्यामागील उद्देश आहे.

सह्याद्रीतील नातलग

या राणीचे एक नातलग आपल्याकडेही आहे. महाराष्ट्राच्या दक्षिण भागापासून गोवा, कर्नाटक व केरळपर्यंत सह्याद्रीत 'सदर्न बर्डविंग' हे काळ्या-पिवळ्या रंगाचे फुलपाखरू आढळते. १९३२ मध्ये नोंदविलेल्या १९० मिलिमीटरच्या नमुन्यामुळे भारतातील सर्वांत मोठे फुलपाखरू हा मान अनेक दशके त्याच्याकडे होता. २०२० मध्ये हिमालयातील 'गोल्डन बर्डविंग'ची १९४ मिलिमीटरची नोंद प्रसिद्ध झाली आणि तो मान तिकडे गेला. सह्याद्रीतील या फुलपाखराच्या अळ्याही सापसणसारख्या त्याच कुळातील वनस्पतींवर वाढतात. ओरो प्रांतातील वेलीचे जे गणित, तेच आपल्या घाटातील सापसणीचेही आहे. फुलपाखरू वाचवायचे, तर आधी ती वेल आणि तिला आधार देणारे झाड वाचले पाहिजे.