दोघांचे घर, एकाचे नाव

चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकन डिझायनर जोडप्याकडे मराठी वाचकाला तंजावरच्या वाटेने नेणे आडवळणाचे वाटेल. पण एप्रिल 1958 मध्ये भारत सरकारला दिलेल्या अहवालात हे दोघे सर्वांत जास्त रेंगाळले ते साध्या लोट्यापाशी. भरल्यावर त्याचा तोल कसा राहतो, कमरेवर कसा बसतो, धार कशी पडते, मोडीत किती किंमत येते, हे सगळे त्यांनी विचारले. त्याच अहवालातून 1961 साली अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था उभी राहिली.

तंजावरकडच्या कावेरीच्या खोऱ्यात हे प्रश्न आजही हाताने सोडवले जातात. कुंभकोणमजवळच्या नाच्चियारकोविलला पितळी समई घडताना पाहावी. कावेरीकाठच्या बारीक रेतीत साचा दाबतात. बैठक, दांडा, तेलाची वाटी, वरचा शेंडा वेगवेगळे ओततात, चरकावर उतरवतात आणि आटे पाडून एकात एक बसवतात. समई उजळायची असली की सुटी करून घासता येते. ही सोय कोणा एकाच्या डोक्यातून निघालेली नाही. घडवणाऱ्याइतकाच तिच्यात रोज घासणाऱ्या हाताचा वाटा असणार.

डिझाइनच्या अभ्यासात येणाऱ्या नव्या अभ्यासकाने तो दुसरा हात शोधावा. चार्ल्स आणि रे यांचे लग्न 1941 चे. लॉस एंजेलिसच्या भाड्याच्या घरातच त्यांनी प्लायवूड वाकवण्याचे यंत्र जोडले. युद्धकाळात त्यातून नौदलाच्या जखमी सैनिकांसाठी पायाला बांधायचे आधार (स्प्लिंट) निघाले आणि पुढे त्यांच्या प्रसिद्ध खुर्च्या. रे हान्स हॉफमनकडे शिकलेली चित्रकार. आकाराचा आणि रंगाचा तिचा डोळा त्या प्रत्येक वळणात आहे, तरी खुर्च्या विकल्या गेल्या चार्ल्सच्या एकट्याच्या नावावर. 1949 मध्ये दोघांनी स्वतःचे घर बांधले. पोलाद येऊन पडल्यावर मूळ आराखडा बाजूला ठेवला आणि त्याच सामानातून जास्त जागा काढली. तो निर्णय कोणाचा, हे वेगळे काढू पाहणे मला व्यर्थ वाटते.

कुंभकोणमजवळच्याच तिरुभुवनमच्या रेशमी साड्यांचेही तसेच. माग घरातच. मागावर बहुधा पुरुष बसतो. सूत उकलणे, कांड्या भरणे हे बरेचसे बायकांकडे. मजुरी मात्र साडीवर मोजली जाते, आणि कांडी भरणारीचे नाव हिशेबात येत नाही. ईम्स जोडप्याबद्दल उशिरा का होईना, संशोधकांनी दुरुस्ती केली. इथे ती अजून व्हायची आहे.

म्हणून या विषयाची सुरुवात संग्रहालयातल्या खुर्चीपासून करू नये. घरापासून करावी: ओटा, चौक, साखळ्यांवरचा झोपाळा, माजघरातली भांडी. तंजावर-कुंभकोणमकडे साडेतीनशे वर्षांपासून राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या घरांत ही सामग्री अजून आहे, पण जुने वाडे विकले जात आहेत. तुमच्या घरी असे काही असेल, तर वस्तू कोणी घडवली, कोणी निवडली, कोणी वापरून तिचा दोष सांगितला, हे आजी-आजोबा दोघांनाही विचारून नावानिशी लिहून ठेवा.